त्या पोत्यात आमची माणसं आहेत : आमच्या पॅरिशच्या फादरांना आणि पॅरिश कौन्सिलला खुले पत्र

आदरणीय फादर आणि पॅरिश कौन्सिलच्या सभासदांनो,

सप्रेम नमस्कार.

आपल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या आणि पंचाहत्तरीची कामं, याच विषयावर मी आपल्याला आधी दोन पत्रं लिहिली. पहिलं मिस्सा संपल्यावर फादरांच्या हातात दिलं, दुसरं कौन्सिलच्या चिटणीसांच्या घरी नेऊन पोचवलं. उत्तर आलं नाही. आता पावसाळा तोंडावर आला आहे आणि आणखी वाट बघायला वेळ उरलेला नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते. गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. खानापूर तालुक्यातलं, मलप्रभेच्या अंगाचं आपलं गाव ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. बाकीच्यांनी आपल्याच गावचं समजून वाचावं, कारण जुन्या नोंदवह्यांचं असं पोतं आणखीही कुठल्या कुठल्या चर्चमध्ये पडलेलं असणार.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी आपण वेदीवरून जाहीर केलं की २०२८ साली पॅरिशची, म्हणजे आपल्या चर्चच्या समाजाची, पंचाहत्तरी साजरी करायची. त्यासाठी तीन कामं ठरली. जुनी सांक्रिस्ती, म्हणजे पाद्र्यांच्या वस्त्रांची आणि सामानाची खोली, आणि तिला लागून असलेली घंटेची खोली पाडून तिथे हॉल बांधायचा. चर्चपुढच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे. आणि दरवाजाशेजारी काळ्या ग्रॅनाइटची मोठी पाटी लावायची, तिच्यावर १९५३ पासून आजपर्यंतच्या सगळ्या पॅरिश प्रीस्टांची नावं इंग्रजीत कोरायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हॉल हवाच आहे. बाप्तिस्म्याचं जेवण असो की मयतानंतरची बैठक, पावसाळ्यात आपण शाळेच्या व्हरांड्यात दाटीवाटीने बसतो, हे मला कुणी सांगायला नको. त्याच मराठी शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं.

घरी येऊन भाकरी थापताना मात्र ती तीन कामं एकमेकांशेजारी दिसली. पाटी सांगणार की आपण १९५३ साली सुरू झालो. आणि १९५३ च्या आधीचं जे जे हाताला लागण्यासारखं आहे, ते नेमकं पाडायच्या त्या खोल्यांत आणि झाकायच्या त्या अंगणात आहे.

मंगळवारी मी घंटेच्या खोलीत गेले. रंगकामासाठी सांक्रिस्तीतलं सागवानी कपाट बाहेर काढलेलं आहे आणि त्यातली पुस्तकं साखरेच्या रिकाम्या पोत्यात भरून भिंतीला टेकवून ठेवली आहेत. शेजारी रंगाचे डबे, बिघडलेला लाउडस्पीकर, नाताळच्या गोठ्यातली मान मोडलेली एक मेंढी. पोत्याचा तळ ओला होता. वरचं पुस्तक काढलं तर कातडी बांधणीचा भुगा तळहाताला चिकटला. पानांमधून वाळवीने मातीची नळी काढली होती, पेन्सिलीएवढी जाड. मी ते खिडकीशी नेऊन उघडलं. तपकिरी शाई, उजवीकडे झुकलेलं बारीक अक्षर, सगळं लॅटिनमध्ये : अमुक दिवशी, खाली सही करणाऱ्या मी, अमक्याच्या आणि अमकीच्या मुलाला बाप्तिस्मा दिला, मग गाव, मग पादिन (धर्मपिता), मग मादिन (धर्ममाता). जुन्या शाईत लोह असतं, ती वर्षानुवर्षं कागद खात राहते. एका ओळीतलं नाव असं पूर्ण खाऊन गेलं होतं आणि अक्षरांच्या आकाराची भोकं तेवढी उरली होती. पान उजेडासमोर धरलं तेव्हा ते नाव वाचता आलं. ते माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचं होतं.

माझा या प्रकरणाशी काय संबंध, हे यावरून कळावं. माझे आजोबा या चर्चची घंटा वाजवायचे. पहाटेची, दुपारची आणि दिवेलागणीची, तिन्ही त्रिकाळ. फादर नसतील त्या रविवारी तेच लोकांना जमवून तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, सांगायचे, शुक्रवारी आम्हा पोरांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवायचे, कुणी गेलं तर खड्डा खणायला माणसं गोळा करायचे. पगार नव्हता. सुगीला घराघरातून शेर-दोन शेर भात यायचं, तेवढंच. लहानपणी मी एकदा सांक्रिस्तीतलं मोठं पुस्तक उघडं टाकून खेळायला पळाले, तेव्हा त्यांनी मला हाताला धरून परत आणलं आणि म्हणाले, “पोरी, पुस्तक उघडं टाकू नको, त्यात माणसं हायत.” त्यांनी मला कधी मारलं नाही, पण त्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता ते आठवतं.

आता माझ्या तक्रारी. त्या कुणा एका फादरविरुद्ध नाहीत. सध्याच्या फादरांना येऊन जेमतेम दोन वर्षं झाली आहेत. आजारी माणसाच्या घरी रात्री अकरा वाजता मोटारसायकलवर जाताना मी त्यांना पाहिलं आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. फादरांची बदली होते, गावाची होत नाही. म्हणून ही जबाबदारी कौन्सिलची जास्त आहे, आणि कौन्सिलला निवडून देणाऱ्या आपल्या सगळ्यांची.

पहिली तक्रार १९५३ या आकड्याची. ते वर्ष मोठं आहे, वादच नाही. १९ सप्टेंबर १९५३ ला बेळगाव धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा मुलूख, स्थापन झाला आणि बिशप मायकल रॉड्रिग्ज त्याचे पहिले बिशप झाले. पण तो धर्मप्रांताचा जन्म, आपल्या पॅरिशचा नव्हे. त्याआधी हा मुलूख गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून फार पूर्वी मिळालेले हक्क, ज्यांना पाद्रोआदो म्हणत, त्यांची शेपटी स्वतंत्र भारतातही काही वर्षं राहिली होती. १९५० साली पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार होऊन भारतातल्या धर्मप्रांतांवरचे ते हक्क सुटले आणि तीन वर्षांनी बेळगाव गोव्यापासून वेगळं झालं. वेगळं झालं म्हणजे इथे आधी लोक होते, चर्च होतं, बाप्तिस्मे होत होते, म्हणूनच वेगळं करायला काहीतरी होतं.

आपण सीमाभागातली माणसं आहोत. कुठल्याशा कचेरीत एक तारीख ठरते आणि तिथून तुमचा इतिहास सुरू होतो असं सांगितलं जातं, म्हणजे काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तीन वर्षांत या गावाचं धर्मप्रांतही बदललं आणि राज्यही. १९५३ ला गोव्याचे बेळगावचे झालो, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. मध्येच १९५५ साली गोव्याची हद्द बंद झाली आणि कॅसलरॉकवरून पलीकडे जाणारी रेल्वे थांबली. माझ्या आजीचं माहेर गोव्यातल्या सांग्याचं. तिची आई त्या काळात गेली, आणि आजीला ते कळलं तेव्हा महिन्याची मिस्साही होऊन गेली होती. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मोकळा झाला, त्यानंतर ती पहिल्यांदा माहेरी गेली ती थेट सिमेंट घातलेल्या थडग्यापाशी. या घरांमध्ये गोव्याच्या पाद्र्यांची आठवण अशी रक्तामांसाची आहे. आणि आपली पाटी त्यांना ओळखच दाखवणार नाही.

त्या पाद्र्यांची नावं कुठून आणायची, असं कौन्सिलमधल्या एका सभासदांनी मला विचारलं. पोत्यातून. प्रत्येक नोंदीखाली सही आहे. कुठलं साल ते कुठलं साल कोण होतं, हे सह्या लावत गेलं की आपोआप जुळतं. पाटीचा वरचा अर्धा भाग तुमच्याच घंटेच्या खोलीत भिजतो आहे.

दुसरी तक्रार अशी की पाटीवर फक्त फादर आहेत. फादर हवेतच. पण खेड्यातली पॅरिश ही नुसत्या फादरांवर कधीच चाललेली नाही. जुन्या काळी एका पाद्र्याकडे पाच-सहा गावं, मध्ये जंगल, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओढ्यानाल्यांना पाणी. महिना-महिना वेदीवर कुणी नसायचं. त्या दिवसांत चर्च कुणी चालवलं? तेर्स सांगणाऱ्यांनी, घंटा वाजवणाऱ्यांनी, खुरसापाशी (क्रुसापाशी) रोज संध्याकाळी पणती लावणाऱ्या बायकांनी.

आणि एका सुईणीने. हे मला लिहायलाच हवं. बाप्तिस्म्याच्या त्याच पुस्तकात काही नोंदींच्या कडेला बारीक अक्षरात ‘ऑब पेरिकुलुम मोर्तिस’ असं लिहिलेलं आहे, म्हणजे जीव जाण्याच्या भीतीने. आणि पुढे ‘ऑब्स्तेत्रिक्स’, म्हणजे सुईण. मूल जगेल असं वाटत नसेल आणि पाद्री पोचू शकत नसेल, तर योग्य हेतूने कुणीही त्याच्या डोक्यावर पाणी घालून ते शब्द उच्चारू शकतं, तो बाप्तिस्मा चर्च खरा मानतं. कुणीही, म्हणजे बाप्तिस्मा न घेतलेलं माणूससुद्धा. आमच्या वाड्यावरची सुईण ख्रिस्ती नव्हती. ती गुंजीच्या माऊलीची भक्त होती, दर जत्रेला तिथे जायची. माझ्या आजीने तिला ते शब्द शिकवले होते, कोंकणीत. भर पावसात, कंदिलाच्या उजेडात, मरायला टेकलेल्या किती बाळांच्या कपाळावर त्या बाईने पाणी घातलं असेल. काही बाळं जगलीही. अशा एका नोंदीच्या समासात पुढच्या काळातल्या दुसऱ्याच शाईने त्या मुलीच्या लग्नाची तारीख लिहिलेली मी पाहिली. पाद्र्याने सुईणीचं नाव लिहिलं नाही, नुसतं ‘सुईण’ लिहिलं. तिचं नाव अजून तोंडात असलेल्या दोन म्हाताऱ्या आपल्या पॅरिशमध्ये आहेत. एक नव्वदीच्या पुढे गेली आहे.

तिसरी तक्रार त्या पुस्तकांची, आणि मला सगळ्यांत जास्त याचंच दुःख आहे.

ही पुस्तकं सांभाळणं हे कुणाच्या हौसेवर सोडलेलं काम नाही. चर्चच्या १९८३ च्या कायद्याचं कलम ५३५ सांगतं की प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या असल्या पाहिजेत, त्या नीट लिहिल्या आणि जपल्या पाहिजेत, त्यांच्यासाठी स्वतंत्र जागा असली पाहिजे; आणि जुन्या वह्याही काळजीपूर्वक राखल्या पाहिजेत, हे त्यात वेगळं नमूद केलं आहे. कलम ४९१ प्रमाणे पॅरिशच्या दप्तराची यादी दोन प्रतींत करायची असते, एक चर्चमध्ये आणि दुसरी धर्मप्रांताच्या दप्तरात. आपल्याकडे अशी यादी आहे का? मी पहिल्या पत्रात विचारलं होतं. असेल तर दाखवा, मी जाहीर माफी मागेन आणि आनंदाने मागेन.

यादी नसल्याचं काय होतं ते मागच्याच वर्षी पाहिलं. शेजारच्या एका आजींना वारसाच्या कामासाठी त्यांच्या वडिलांचा बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. मी त्यांच्याबरोबर गेले. तीन खेपा झाल्या. शेवटी सांगण्यात आलं की त्या काळातली पानं एकमेकांना चिकटली आहेत, उघडत नाहीत. आजी काही बोलल्या नाहीत. बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या. त्यांच्या वडिलांचं या जगात लिहिलेलं ते एकच नाव होतं; शाळेत ते गेलेच नव्हते.

मृत्यूच्या नोंदवहीतली १९१८ ची पानं मी आपल्याला दाखवू इच्छिते. एरवी एका पानावर कित्येक महिने मावतात. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पानंच्या पानं भरली आहेत. जगभर आलेली इन्फ्लुएंझाची साथ आपल्या वाड्यापर्यंत आली होती. सुरुवातीला पाद्री पूर्ण वाक्य लिहितो : कुणाचा मुलगा, कुणाची बायको, अखेरचे संस्कार मिळाले की नाही. मग वाक्यं आखूड होतात. मग नुसतं नाव आणि वय. एकाच आडनावाची चार नावं एकाखाली एक, त्यात तान्ही दोन. शाई पातळ होत गेली आहे, बहुतेक पाणी घालून वाढवली. आणि मग एका ठिकाणी ते झुकलेलं अक्षर संपतं आणि पुढची नोंद दुसऱ्याच, गोल गोल अक्षरात सुरू होते. पहिल्या पाद्र्याचं अक्षर त्या पुस्तकात पुन्हा येत नाही.

त्या माणसाचं नाव आपल्या पाटीवर नसणार, कारण तो १९५३ च्या आधीचा.

कागद नक्कल केल्याशिवाय टिकत नाही, याचं मोठं उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. त्यानंतरही १६४९ आणि १६५४ ला छापलं. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुणाला सापडलेली नाही. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आलं, ते लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांवरून. घराघरातल्या माणसांनी ते जपलं. एवढ्या मोठ्या ग्रंथाची ही गत, तर आपल्या एकुलत्या एका नोंदवहीचं साखरेच्या पोत्यात काय होईल?

चौथी तक्रार थोडक्यात सांगते. चर्चच्या दारासमोर चाफ्याखाली एका पाद्र्याचं थडगं आहे. जांभ्या दगडाचा बुटका चौथरा, वर फरशी. अक्षरं झिजली आहेत, पण बोटं फिरवली तर ‘आकी जाझ’ एवढं पोर्तुगीज लागतं, म्हणजे येथे विसावला आहे. हिवतापाच्या दिवसांत हे पाद्री घरोघरी कोयनेल वाटत फिरायचे, अशी आठवण वाड्यावरच्या मराठा घरांतूनही सांगतात. मृतांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, त्या थडग्यावर झेंडू असतो तसा नारळही असतो. पेव्हर ब्लॉकच्या नकाशात ती जागा सपाट दाखवली आहे. ‘खाली तसंच राहील, वरून फक्त ब्लॉक,’ असं मला सांगण्यात आलं. त्यावर मोटारी उभ्या राहणार, हे नकाशातच लिहिलं आहे. असं होऊ देऊ नका.

पाचवी भाषेची. पाटी इंग्रजीत का? रविवारची आपली मिस्सा मराठीत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट करून दिली, त्याआधी सगळं लॅटिन होतं. आपल्या चर्चमध्ये पहिली मराठी मिस्सा झाली तेव्हा मी दहाएक वर्षांची असेन. फादर पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनी ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ म्हटलं, आणि चर्चभर कुणाला उत्तर सुचेना, कारण आयुष्यभर ‘एत कुम स्पिरितु तुओ’ म्हणायची सवय. शेजारी आजी रडत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, देवाला आपलं कळतंय की गं. ती बाई इंग्रजी पाटी वाचू शकली नसती, आणि आजही मिस्सेला येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्या वाचू शकणार नाहीत. मराठीत लिहा. कन्नडही लिहा, शेजारची गावं कन्नड आहेत, आपली पोरं शाळेत कन्नड शिकतात, आणि ज्या राज्यात राहतो त्याच्या भाषेचा मान ठेवलाच पाहिजे. आपल्याच धर्मप्रांतात देशनूरला जेसुइट धर्मगुरूंनी भगवी वस्त्रं नेसून, शाकाहारी राहून, लिंगायत मठाच्या धर्तीवर आश्रम चालवला. तिथल्या लोकांच्या रीतीत मिसळायला त्यांना कमीपणा वाटला नाही. मग आपल्याच गावात आपल्याच बोलीचं वावडं कशाला?

पैशांचा प्रश्न येईल, तो मीच काढते. ग्रॅनाइटच्या पाटीचा अंदाज आपण सभेत वाचून दाखवला होता. मी जे मागते आहे त्याला त्याच्या चौथाईसुद्धा लागणार नाही. आणि चर्चच्याच कायद्याचं कलम २१२ श्रद्धावंतांना आपलं मत धर्मगुरूंपुढे आणि एकमेकांपुढे मांडायचा हक्क देतं, काही वेळा ते कर्तव्यच आहे असं म्हणतं. त्या आधाराने मी पुढील मागण्या करते.

१. पुस्तकं या आठवड्यात त्या पोत्यातून काढा. उन्हात वाळवू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा. चिकटलेली पानं ओढून उघडू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. त्याने कागद कायमचा जातो. लोखंडी कपाट घ्या, भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून उंच ठेवा. कपाटाचे पैसे मी माझ्या पेन्शनमधून देते.

२. यादी करा, दोन प्रतींत, कायद्यात सांगितल्याप्रमाणे. त्यानंतर पानापानाचे फोटो काढून घेऊ. आपल्या गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली यायला तयार आहेत. लॅटिन आणि पोर्तुगीज वाचायला अडेल तिथे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात विचारता येईल. चोर्ला घाटातून सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. मात्र हे सगळं इंटरनेटवर उघडं टाकायचं नाही, याबद्दल मीच आग्रही राहीन. काही नोंदींत ‘बाप अज्ञात’ असं लिहिलेलं आहे. त्या आयांची नातवंडं आज आपल्यातच बसतात. त्यांची अब्रू ही पॅरिशची अब्रू आहे.

३. सांक्रिस्ती आणि घंटेची खोली पाडण्याआधी दोन्हींचं मोजमाप आणि फोटो घ्या. हॉलमध्ये एक खोली दप्तरासाठी राखा, नकाशातच दाखवा. घंटा हॉलच्या शोभेला नको. वाजेल अशा ठिकाणी टांगा.

४. थडगं उघडं राहू द्या. त्याच्या भोवती ब्लॉक बसवा, वर नको. चाफाही तोडू नका.

५. पाटीचं काम थांबवा. सह्या लावून झाल्यावर १९५३ च्या आधीच्या पाद्र्यांची नावं सालवार वर घाला, मग आजवरच्या फादरांची. खाली घंटा वाजवणारे, तेर्स आणि दोतोर्न सांगणारे यांची नावं म्हाताऱ्यांना विचारून घाला. आणि त्यांच्यात त्या सुईणीचं नाव घाला. ती ख्रिस्ती नव्हती म्हणून कुणी हरकत घेतली, तर नोंदवही त्यांच्यापुढे ठेवा.

६. नव्वदीतल्या आजींकडे आधी चला. बाकी सगळं महिन्याने झालं तरी चालेल, हे नाही. मी रेकॉर्डिंगचा फोन घेऊन येईन, फादरांनी फक्त माझ्याबरोबर यावं. फादर आले की त्या उठून बसतात आणि बोलतात.

यातलं कुठलंही काम आपल्याला जमणार नाही असं वाटत असेल तर तसं लेखी कळवा, म्हणजे मी धर्मप्रांताच्या दप्तराकडे रीतसर अर्ज करीन. तक्रार म्हणून नव्हे, कलम ४९१ प्रमाणे यादीची दुसरी प्रत त्यांच्याकडे असायला हवी म्हणून.

येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर मी घंटेच्या खोलीपाशी थांबते. घरून स्वच्छ धुतलेल्या सुती चादरी आणि मऊ ब्रश घेऊन येईन. किल्ली फादरांकडे आहे.

आपली,
या पॅरिशमध्ये बाप्तिस्मा झालेली एक निवृत्त शिक्षिका